डाव्या हातांचं आरमार

माणूस बुडताना कुठला हात वर करतो, हे लिहिण्याचा मला पगार मिळायचा.

थट्टा नाही करत. डब्लिनला मास्टर्स करायला आले, मग इथेच राहिले, लग्न झालं, मुलगी झाली, आणि भटकत भटकत जुन्या चित्रांचा संग्रह कॉम्प्युटरवर चढवणाऱ्या एका छोट्या कंपनीत चिकटले. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना कॉम्प्युटर चित्राचं वर्णन वाचून दाखवतो. ते वर्णन आधी कोणीतरी लिहावं लागतं. ती कोणीतरी म्हणजे मी. २०२०च्या मार्चमध्ये ऑफिसला कुलूप लागलं आणि मी डब्लिनलगतच्या डून लेरी या बंदराच्या गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप मांडला. खिडकीतून खरा समुद्र दिसायचा, राखाडी, गप्प, एकही जहाज नसलेला. आणि स्क्रीनवरच्या डच समुद्रात रोज ढिगाने माणसं मरायची.

तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कोरणीने रेघा कोरायच्या, त्यात शाई भरायची, वर ओला कागद ठेवून दाबायचा आणि चित्र उठवायचं, अशी ती साडेतीनशे वर्षांपूर्वीची छापील चित्रं. त्या काळी डच आणि इंग्रज आरमारं एकमेकांच्या उरावर बसलेली असायची. लढाई संपली की तिची चित्रं बाजारात यायची आणि लोक ती विकत घेऊन घरात भिंतीवर लावायचे. जेवताना समोर काय, तर जळणारी जहाजं!

लांबून बघितलं की काय सुबक दिसतात मेली. समुद्र असा कलता दाखवतात, जणू परातीतलं पाणी कोणीतरी आपल्याकडे झुकवून धरलंय. त्यामुळे मागची जहाजं पुढच्यांच्या आड जात नाहीत, सगळी नीट मांडलेली दिसतात. एवढ्या उंचावरून ती लढाई खरं तर कोणीच बघितलेली नसते. झेंडे जहाजाच्या मानाने अवाढव्य, कारण विकत घेणाऱ्याला आपला झेंडा आधी दिसला पाहिजे. एकच जहाज कधी कधी तीनदा असतं. एका कडेला धडधाकट, मध्ये पेटलेलं, दुसऱ्या कडेला बुडणारं. सकाळ, दुपार, संध्याकाळ एकाच कागदावर. जहाजांच्या डोक्यावर बारीक अक्षरं आणि चित्राखाली त्यांचा खुलासा, हे अमक्याचं, ते तमक्याचं. आणि धूर! धूर कोरलेलाच नसतो. तो नुसता कोरा कागद, कडेने चार गोल गोल रेघा. थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की जिथे नेमकं काय झालं ते चित्रकाराला ठाऊक नाही, तिथे हमखास धूर आहे.

पण चित्र मोठं करत आत गेलं की सुबकपणा संपतो. दारूचा साठा पेटून एखादं जहाज मधोमध फाटलेलं असतं आणि माणसं हवेत उडालेली असतात, पाय वर, डोकं खाली. कोणाची मांडी एकीकडे, धड दुसरीकडे. शिडावरून लोंबणारा एक जण, ज्याच्या पोटात लाकडाची फळी घुसलेली. तोफेच्या गोळ्यापेक्षा लाकडाच्या चिरफळ्यांनीच जास्त माणसं मरायची म्हणे. आणि सगळ्यात पुढे, आपल्या अगदी नाकासमोर, पाण्यातली माणसं. कोरणाऱ्याने मागचे धूर-ढग उरकून टाकलेत, पण या बुडणाऱ्यांच्या तोंडावरची एकेक सुरकुती मन लावून कोरलीय. का, ते मला कधी कळलं नाही.

आमच्या साहेबांचा नियम एकच होता. साहेब म्हणजे दक्षिणेला कॉर्क शहराकडचा एक लांबोडका माणूस. आम्ही सगळे त्याला मागे 'युअर मॅन' म्हणायचो, इथे 'तो आपला अमका' म्हणायची ती पद्धत. तो म्हणायचा, "भीषण, करुण, दुर्दैवी असले शब्द नकोत. जे दिसतं ते लिहायचं. वाईट वाटून घ्यायचं की नाही ते ऐकणारा बघून घेईल." बरं बाबा! मग मी लिहायचे: होडीत माणसं दाटीवाटीने बसलेली. एक जण उभा, वल्हं डोक्यावर उचललेलं. होडीची कड पाण्यातून आलेल्या हातांनी धरलेली. एका हाताला बोटं नाहीत.

ही होडी बऱ्याच चित्रांत असते. होडी भरली की बाहेरच्यांच्या हातांवर वल्ही मारायची, नाहीतर सगळेच बुडतात. मारणारा आणि बुडणारा दोघं पुष्कळदा एकाच जहाजावरचे.

माझे बाबा माझ्या पाठीमागे उभे राहून ही चित्रं बघायचे. बाबा कऱ्हाडजवळच्या एका गावात हेडमास्तर होते. आई गेल्यानंतर एकटेच राहायचे. नातीला बघायला म्हणून फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाली. पुढे अधूनमधून विमानं सुटायला लागली, पण मधुमेहाचं माणूस, वय झालेलं, डॉक्टर म्हणाले थांबा. थांबले. लॉकडाऊनमध्ये घरापासून दोन किलोमीटरच्या आतच फिरायची परवानगी, म्हणून रोज धक्क्यावर जाऊन यायचे आणि आल्यावर म्हणायचे, "आज पण एक बोट नाही. तुझ्याच चित्रात हायेत सगळी."

तेव्हा मी हसायचे. बाबांवर माझा जीव होता, आजही आहे. म्हणून तर इतका राग येतो.

माझी मुलगी सहा वर्षांची होती आणि डावखुरी. चमचा, पेन्सिल, चेंडू, सगळं डाव्या हाताने. इथल्या शाळेने तिला डावऱ्या मुलांची वेगळी कात्री दिली होती, हिरव्या मुठीची. बाबांनी पहिल्याच आठवड्यात ती कात्री उचलून वरच्या प्रेसमध्ये ठेवून दिली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, तिला तेवढाच शब्द माहीत. ती मला येऊन म्हणाली, "आजोबांनी माझी सिझर्स प्रेसमध्ये कोंडली." मी काढून दिली. दुसऱ्या दिवशी परत वर.

मग जेवताना. वरण-भाताचा पहिला घास तिने डाव्या हाताने उचलला आणि बाबांनी तिच्या मनगटावर फटकन मारली. "डावा हात कशाचा गं? शी! अन्नाला लावतात व्हय तो?" तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र बहुतेक इंग्लिशमध्ये, तेही इथल्या हेलात. तिने फक्त विचारलं, "व्हाय?" बाबांनी तिच्या दुसऱ्या हातात घास दिला आणि म्हणाले, "कारण मी सांगतो म्हणून."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. कारण हे वाक्य मी ऐकलेलं होतं.

मीही डावखुरी जन्मले. बाबा माझ्याच शाळेत हेडमास्तर. शाळेत गुरुजी, घरी वडील, मारणारा हात तोच. मी तिसरीत असताना त्यांनी ठरवलं की हेडमास्तरांची मुलगी डावरी राहणार नाही. फूटपट्टीची कड, लाकडी, पितळी पट्टी बसवलेली, ती बोटांच्या पेरांवर. डावा हात पुढे आला की खाडकन. मधल्या बोटाचं नख काळं पडून गळून गेलं. जेवताना आईच्या परकराच्या नाडीने डावा हात कमरेला बांधायचे, आणि आई वाढत राहायची. एकदा पेर फुटलं आणि आतलं पांढरं दिसलं, तेव्हा बाबांनी स्वतः हळद लावली, पट्टी बांधली, गोळ्या-बिस्किटं आणून दिली, आणि दुसऱ्या दिवशी परत नाडी. वर्ष संपेपर्यंत मी उजव्या हाताने मोत्यासारखं अक्षर काढायला लागले. बाबा पाहुण्यांना माझी वही दाखवायचे. आणि त्याच वर्षी मी तोतरी झाले. 'च' आला, 'ट' आला की जीभ टाळ्याला चिकटून बसायची, तोंड उघडं राहायचं आणि वर्ग हसायचा. कॉलेजात जाईपर्यंत ते पुरलं. आज लोक मला तोंडाळ म्हणतात. म्हणू देत. एवढी वर्षं तोंड बंद होतं ते काय फुकट?

तर हे असं. पण बाबांना मी काय बोलले? काही नाही. डोंबल! घरभर तोंड चालवणारी मी, त्यांच्यासमोर ताट पुढे सरकवून गप्प बसले. रात्रीची भांडी घासताना नवऱ्यावर तेवढी ओरडले. नवरा नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला, स्वभावाने थंड. म्हणाला, "कशाला टेन्शन घेऊन राहिली? म्हातारा माणूस आहे, चार दिवसांचा पाहुणा."

चार दिवस! विमानाचा पत्ता नाही आणि म्हणे चार दिवस.

मे महिन्यात एका मोठ्या लढाईचं चित्र माझ्याकडे दोन प्रतींत आलं. एक अस्सल, एक नक्कल. पत्र्यावर जे कोरतो ते कागदावर आरशातल्यासारखं उलटं उठतं. म्हणून जाणता कोरणारा आधीच उलटं कोरतो, म्हणजे छापल्यावर सुलटं येतं. पण दुसऱ्याचं चित्र चोरून विकायला निघालेला कशाला एवढा जीव काढेल? तो समोरचं जसंच्या तसं पत्र्यावर उतरवतो आणि छापल्यावर सगळी लढाई उलटी होते. पश्चिमेचा किनारा पूर्वेला, वारा उलटा, झेंडे उलटे. अक्षरं तेवढी सुलटी, कारण उलटी अक्षरं कोण विकत घेणार? आमच्याकडे नक्कल ओळखायची सोपी खूण होती. हात बघायचे.

त्या नकलेत सगळं आरमार डावखुरं होतं. कप्तानाची तलवार डाव्या हातात. तोफेला बत्ती देणारे डावे. कुऱ्हाडीने दोर तोडणारा डावा. एकाच्या छातीत भाला खुपसणारा, तोही डावा. मला इतका आनंद झाला की विचारू नका. मी पोरीला हाक मारली, "अगं ये, ये, बघ तुझी माणसं!" ती स्क्रीनला नाक लावून बघायला लागली. एकेक तलवार, एकेक कुऱ्हाड. "दे आर ऑल लेफ्टीज!" ती किंचाळली आणि सोफ्यावर उभी राहून डाव्या हाताने चमचा हवेत फिरवायला लागली. मी तिला म्हटलं, मार, मार, सोडू नकोस कोणाला. आम्ही दोघी वेड्यासारख्या खिदळत होतो.

बाबा पेपर वाचत होते. उठले, चष्मा सावरत आले, दोन्ही चित्रं नीट बघितली. "हे उलटं छापलंय," म्हणाले. "चोरानं नक्कल मारलीय, तूच सांगितलंस ना परवा? एक पण डावरा नव्हता त्यात. चूक आहे ती. छापताना झालेली चूक."

आणि खरं बोलत होते हो! पोरगी सोफ्यावरून उतरली. चमचा खाली ठेवला. मग मला विचारलं, "आई, अ‍ॅम आय प्रिंटेड राँग?"

तिला मी जवळ घेतलं, नाही गं राणी, असं काय काय बोलले, पण बाबा मागे हसत होते आणि तिचं लक्ष त्यांच्याकडे होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या आठवड्यात साहेबांबरोबर व्हिडिओ कॉल चालू होता. आतल्या खोलीत फार शांत होतं. सहा वर्षांचं पोर शांत असणं काही बरं नसतं. कॉल तसाच टाकून मी आत गेले. ती टेबलाशी बसून शाळेची अक्षरं गिरवत होती, उजव्या हाताने, जीभ दातांत धरून, रेघा सगळ्या वाकड्या. डावा हात बाबांच्या मफलरने कमरेला बांधलेला. गाठ पाठीमागे, माझ्या ओळखीची.

"आय अ‍ॅम ग्रँड, आई," ती घाईघाईने म्हणाली. ग्रँड म्हणजे इथल्या भाषेत 'मी ठीक आहे'. "आजोबांचा गेम आहे. हूं की चूं केलं नाही तर चॉकलेट."

मी गाठ सोडली. मनगटावर लाल वळ होता, त्याखाली एक जुना पिवळट. म्हणजे हा गेम आजचा नव्हता. मफलर हातात घेऊन मी बाबांपुढे जाऊन उभी राहिले. या वेळी मात्र बोलले. "बाबा, तिला हात लावायचा नाही. बांधायचं नाही, मारायचं नाही. माझी मुलगी आहे ती."

बाबांनी आवाज चढवला नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता, मारतानाही नाही. म्हणाले, "तुला लावला म्हणून आज इथं बसलीयस. साहेबाच्या देशात. वाईट झालं काय तुझं?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि हाताला लागली ती काचेची डिश सिंकमध्ये आपटली. नवरा धावत आला. त्याला म्हटलं, एक शब्द बोललास तर दुसरी तुझ्या डोक्यात घालीन. बोलला नाही.

त्या दिवशी मी होडीच्या चित्राचं वर्णन परत लिहिलं. होडीतला माणूस हातांवर वल्ह्याने मारतो आहे. हात सोडत नाहीत. साहेबाने ते परत पाठवलं, शेजारी प्रश्न, "सोडत नाहीत हे चित्रात दिसतं का?" मी उत्तर लिहिलं, "दिसतं."

मग जुलैतला तो रविवार. जेवायला बसलो होतो चौघं. गरम वरण-भात, वर तूप, बटाट्याची भाजी. मी शेजारी होते म्हणून पोरगी धीर करून डाव्या हाताने जेवत होती. बाबा समोर. "हात बदल," ते म्हणाले. तिने ऐकलं नाही. "हात बदल म्हणतो ना मी." मी म्हटलं, "बाबा, जेवू द्या तिला." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टेबलावरून हात पुढे टाकला, तिचं डावं मनगट पकडलं आणि खाली दाबून धरलं. वाटी कलंडली, गरम वरण टेबलावर पसरत तिच्या कोपरापर्यंत गेलं. ती कळवळली. तरी त्यांनी सोडलं नाही.

पोरीने आधी माझ्याकडे बघितलं. मग त्या हाताकडे. मग ती खाली वाकली आणि बाबांच्या अंगठ्याखालचा तो मांसल भाग असतो ना, तिथे तिने दात रुतवले.

बाबा ओरडले, "आई गं!" त्यांना ओरडताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मनगट सुटलं, पण आता ती सोडेना. घशातून घुरघुर आवाज येत होता, डोळे मिटलेले, आणि हनुवटीवरून रक्त वरणात ठिबकत होतं. बाबांचा उजवा हात तिच्या तोंडात, म्हणून त्यांनी डाव्या हाताने तिच्या कानफटात मारली. एक. दोन. सपासप. तिचं डोकं हलायचं, दात सुटत नव्हते. नवऱ्याने मागून कमरेत धरून तिला ओढलं तेव्हा कातड्यासकट ती मागे आली. ताटात काहीतरी टपकन पडलं. तिचा पुढचा दात होता, हलत असलेला. तोंडातलं रक्त तिचं किती आणि बाबांचं किती, ते कळायला मार्ग नव्हता.

सगळे उभे. बाबांनी हात छातीशी धरलेला, सदरा लाल. आणि मग ते मला म्हणाले, "मार तिला."

मी पोरीकडे बघितलं.

"तू आई हायेस ना तिची? आजोबाला चावली ती. मार. आत्ताच्या आत्ता मार, न्हाईतर ही पोरगी हातातून गेली."

नवरा माझ्याकडे बघत होता, पोरगी त्याच्या कडेवरून माझ्याकडे बघत होती, कान लालबुंद, तोंड रक्ताचं. ती वाट बघत होती मी काय करते त्याची. तिला खरंच माहीत नव्हतं. आपली आई आपल्याला मारेल की नाही हे पोरीला माहीत नसावं, याहून वाईट मी काही बघितलेलं नाही. त्या चित्रांतही नाही.

मी तोंड उघडलं आणि जीभ अडकली. 'च'वर. कॉलेजात गेल्यापासून पहिल्यांदा. च, च, च, असं टेबलापाशी उभी राहून मी नुसती तडफडत होते. बाबांनी मान फिरवली, ते नेहमी फिरवायचे तशी. मी मूठ टेबलावर आपटली आणि शब्द बाहेर ढकलला. "च...चाव," मी पोरीला म्हटलं. "परत धरलं तर परत चाव. याच्याहून जोरात."

बाबा खुर्चीत बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले.

नवरा त्यांना टॉवेल गुंडाळून देत होता आणि पुटपुटत होता, "आपलेच दात, आपलेच ओठ." त्याला म्हटलं, म्हणी नको सांगूस, गाडी काढ.

डॉक्टरीणबाई मास्क लावून दवाखान्याच्या दारातच आल्या. बाबा माझ्या कानात म्हणाले, "सांग, दारात सापडला हात." बाईंनी टॉवेल उलगडला. दातांची बारीक, गोल महिरप स्पष्ट उठलेली, मध्ये मांस उघडं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझी मुलगी चावली. यांनी तिला धरलं होतं." त्या एवढंच म्हणाल्या की माणसाचा चावा कुत्र्यापेक्षा वाईट पिकतो. इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत जाडजूड बँडेज बांधलं. सोडायचं नाही, भिजवायचं नाही.

आता आली का पंचाईत? बाबांचा उजवा हात गेला कामातून. आणि डाव्या हाताने ते जेवणार नव्हते.

"डाव्या हातानं घास? मेलो तरी न्हाई." चमच्याने खा म्हटलं, तर चमचाही त्याच हातात ना! मी भरवायला गेले तर ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड केलं. नवरा भरवायला गेला तर म्हणाले, "जावयाकडून घास घेऊ व्हय?" डाव्या हाताने कपाचा कान धरून बिनसाखरेचा चहा तेवढा प्यायचे. कपाला चालतं, अन्नाला नाही. धर्मशास्त्र त्यांचंच, नियमही त्यांचेच.

खरं सांगू? पहिला दिवस मला बरं वाटलं. बसू दे उपाशी, म्हटलं. कळू दे एक हात बांधलेला असला की समोरचं ताट कसं दिसतं ते. दुसऱ्या दिवशी सकाळीही मी ताट समोर ठेवलं आणि काही न बोलता उचललं. पण मधुमेहाच्या गोळ्या ते घेतच होते, माझ्या नकळत, रिकाम्या पोटी. गोळीची वेळ कशी चुकवायची, हेडमास्तर ना! दुपारी बघते तर सोफ्यावर घामाने भिजलेले, हात लटलट कापतायत, ओठ पांढरे. साखर उतरली होती. साखरेचं पाणी घेऊन धावले. "बाबा, प्या." तोंड फिरवलं. "बाबा, मरून जाल, प्या म्हणते ना!" बँडेजच्या हाताने त्यांनी ग्लास ढकलला, अर्धं पाणी माझ्या अंगावर. मी ओरडले, शिव्या दिल्या, वडिलांना द्यायच्या नसतात तसल्या. नवरा अँब्युलन्सला फोन लावत होता. बाबा दात घट्ट आवळून भिंतीकडे बघत होते. मला खरंच वाटलं, हा माणूस आज माझ्यासमोर जाणार, पण माझ्या हातचा घोट घेणार नाही.

तेवढ्यात पोरगी आली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. दहीभाताची तिची वाटी, वर भरपूर साखर, तिला आवडते तशी. ती सरळ सोफ्याजवळ जाऊन उभी राहिली. डाव्या हातात चमचा. त्यांच्या ओठाला लावला.

"ओपन, आजोबा."

बाबांनी मान वळवली. तिच्याकडे बघितलं, दात पडलेल्या त्या खिंडीकडे, अजून सुजलेल्या कानाकडे. त्यांनी तोंड उघडलं. तिने घास भरवला, पुढचा घेतला, तोही भरवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते चावत राहिले.

मग तिला काय वाटलं कोण जाणे. आजोबांना हा हात आवडत नाही हे आठवलं असणार. तिने चमचा उजव्या हातात घेतला. चमचा डगमगला, सगळा भात त्यांच्या सदऱ्यावर सांडला. ती एक पाऊल मागे सरली आणि कानावर हात ठेवला, मार चुकवायला.

"त्या हातानं नको," बाबा म्हणाले. "सांडतंय. तुझ्या हातानं दे."

रिकामा ग्लास घेऊन मी तिथेच उभी होते. ऐकलं मी, स्पष्ट ऐकलं. आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल. पण त्याच्याआधी असा संताप आला की तो ग्लास भिंतीवर फोडावासा वाटला. इतकं सोपं होतं हे? एवढेच शब्द? मग मला का नाही म्हणालात, बाबा? माझा हात नव्हता का तो? विचारायचं होतं मला, आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांचा खांदा धरून हलवायचं होतं. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. पुढच्या घासासाठी तोंड उघडून बसले होते.